पाण्याच्या रेषेखाली

टॉर्पेडो जहाजाला पाण्याच्या रेषेखाली लागतो. तिथे लागावा म्हणूनच तो बनवलेला असतो. आणि पाण्याच्या रेषेखाली इंजिन असतं, बॉयलर असतात, त्यांच्यासमोर चार-चार तासांच्या पाळीवर उभी असलेली माणसं असतात. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांबद्दल वाचायला लागल्यापासून ही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कोण वाचलं, कोण गेलं यात नशिबाचा वाटा होताच. पण स्फोट झाला त्या क्षणी माणूस जहाजाच्या कुठल्या मजल्यावर होता, अंगावर काय घालून होता, होडीपर्यंत पोहोचायला त्याला किती शिड्या चढायच्या होत्या, हे नशिबाच्याही आधी ठरलेलं असायचं. ते भरतीच्या दिवशी, पगाराच्या यादीत ठरायचं.

युद्धाच्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांपैकी साधारण चौथा हिस्सा हिंदी होता. शिवाय हजारो चिनी. मुंबईत भरती व्हायची तेव्हा डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची माणसं, इंजिनात पंजाबी आणि पठाण, सलूनमध्ये म्हणजे जेवणखाणाच्या सेवेत गोव्याचे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. खलाशांचा मुकादम सारंग, तांडेल, सुकाणी, कसाब, भंडारी, टोपास, आगवाला, पाणीवाला. या हुद्द्यांवर साम्राज्याचा माल जगभर फिरत होता. लढाई लागल्यावर त्याच मालाला दारूगोळा, गहू, तेल अशी नावं आली आणि माल वाहणारी ही माणसं कुठलाही गणवेश न घालता थेट आघाडीवर आली.

२३ नोव्हेंबर १९४२ या एकाच तारखेला बुडालेल्या दोन जहाजांबद्दल मला लिहायचं आहे. एक अटलांटिकमध्ये बुडालं, दुसरं आपल्या बाजूला, हिंदी महासागरात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

पहिलं 'बेनलोमंड'. ब्रिटिश मालवाहू जहाज, केपटाऊनहून दक्षिण अमेरिकेतल्या पारामारिबोकडे निघालेलं. माल नव्हता, सोबतीला ताफाही नव्हता. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असताना 'यू-१७२' या जर्मन पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारले आणि जेमतेम दोन मिनिटांत जहाज तळाला गेलं. दोन मिनिटं म्हणजे काय ते खालच्या मजल्यावरून मोजून बघावं. भट्टीसमोरून निघायचं, तापलेल्या लोखंडी शिड्या चढायच्या, त्याही दिवे गेलेले आणि जहाज कललेलं असताना. जहाजावर ५४ जण होते. कॅप्टन जॉन मॉलसह ५३ गेले.

उरला तो पून लिम, हैनान बेटावरचा २४ वर्षांचा चिनी तरुण, जहाजावरचा सेकंड स्टुअर्ड, म्हणजे जेवणखाणाची व्यवस्था बघणारा. लाइफ जॅकेट अंगात चढवून त्याला पाण्यात उडी मारता आली. त्याचं काम वरच्या मजल्यावरचं होतं, ही गोष्ट त्याच्या कहाणीत सहसा कुणी सांगत नाही, पण मला ती सगळ्यात आधी दिसते. दोनेक तास लाटांवर हेलपाटल्यावर त्याला जहाजाचा एक लाकडी तराफा सापडला. अडीच मीटर लांब, तेवढाच रुंद. त्यावर बिस्किटांचे डबे, पिण्याच्या पाण्याचं एक पिंप, थोडं चॉकलेट, साखरेचे खडे, धुराचे बाण आणि एक विजेरी. या सामानावर फार तर महिना निघाला असता. पून लिम त्या तराफ्यावर १३३ दिवस राहिला.

त्याने काय काय केलं ते सावकाश वाचण्यासारखं आहे. पोहण्यात तो तरबेज नव्हता, म्हणून रात्री तराफ्याचा दोर मनगटाला बांधून झोपायचा. जॅकेटच्या कॅनव्हासमध्ये पावसाचं पाणी धरायचा. विजेरीतली तार काढून तिचा गळ केला, दोराचे पीळ सोडून त्याची दोरी केली, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा वाकवून सुरी केली. मोठ्या माशांसाठी तराफ्याच्या फळीतला खिळा उपटून काढला. मासा मिळाला की कापून दोरीवर वाळत घालायचा. एकदा वादळात वाळवलेले मासे गेले, पाणी खारट झालं, तेव्हा त्याने एक समुद्रपक्षी पकडून त्याच्यावर निभावून नेलं. पुढे एक लहान शार्क गळाला लागला. हाताला कॅनव्हास गुंडाळून त्याने तो तराफ्यावर ओढला आणि पाण्याच्या भांड्याने ठेचून मारला. प्यायला पाणी नव्हतं, म्हणून त्याच्या यकृतातलं रक्त चोखलं. पंख उन्हात वाळवले. समुद्र शांत असला की हातपाय आखडू नयेत म्हणून तराफ्याभोवती पोहायचा. सुरुवातीला दोराला गाठी मारून दिवस मोजत होता. पुढे गाठी सोडून दिल्या आणि पौर्णिमा मोजायला लागला.

मला त्या पौर्णिमांचा विचार करवत नाही. एकेक दिवस मोजण्यात निदान उद्या कुणी दिसेल अशी आस तरी असते.

मधल्या काळात एक मालवाहू जहाज जवळून गेलं. त्यावरच्या लोकांनी आपल्याला पाहिलं आणि तरी जहाज थांबवलं नाही, असं पून लिमने नंतर सांगितलं. आपण गोरे नाही म्हणून थांबले नाहीत, असं त्याला वाटलं. पाणबुड्या तराफ्यांचा आमिषासारखा उपयोग करतात या भीतीने जहाजं थांबत नसत, हेही खरंच. त्या वेळी खरं कारण कोणतं होतं ते आता ठरवता येणार नाही, पण तराफ्यावर बसलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार कातडीच्या रंगाचा यावा, हे मला त्याच्या शार्कपेक्षा जास्त लक्षात राहिलं. अखेर पाण्याचा रंग गडद निळ्याचा फिकट हिरवा होऊ लागला आणि ५ एप्रिल १९४३ ला ब्राझीलच्या कोळ्यांनी त्याला आपल्या होडीत घेतलं. बेलेमला उतरल्यावर तो कुणाचा आधार न घेता चालत गेला. राजे सहावे जॉर्ज यांनी त्याला ब्रिटिश एम्पायर मेडल दिलं. ब्रिटिश नौदलाने त्याच्या युक्त्या आपल्या पुस्तिकांत घातल्या. इतके दिवस समुद्रात तराफ्यावर कुणीच काढले नव्हते असं लोक त्याला सांगायचे, तेव्हा हा विक्रम मोडायची वेळ कुणावर येऊ नये, एवढंच तो म्हणायचा.

आता त्याच तारखेचं दुसरं जहाज.

'तिलावा' ब्रिटिश इंडिया कंपनीची, १९२४ साली बांधलेली बोट. २० नोव्हेंबरला मुंबईहून निघाली. मोंबासा, लोरेन्सो मार्क्स म्हणजे आजचं मापुटो, आणि डर्बन असा तिचा मार्ग होता. ७३२ उतारू, २२२ खलाशी आणि चार तोफची, असे ९५८ जीव. उतारूंमध्ये आफ्रिकेत दुकानं थाटलेल्या, नोकऱ्या धरलेल्या हिंदी माणसांची कुटुंबंच्या कुटुंबं होती. पोटात माल होता, आणि त्यात ६० टन चांदी. २३ च्या पहाटे दोनच्या सुमारास, सेशेल्सच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर, 'आय-२९' या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला. होड्यांकडे धाव घेणाऱ्यांची रेटारेटी झाली आणि त्यातच कित्येक जण गेले. बोट मात्र लगेच बुडाली नाही. ती तरंगते आहे असं पाहून होड्यांतले काही जण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. परत वर चढलेल्यांनी काय विचार केला असेल? अंधारात, लहान मुलं घेऊन, डुगडुगणाऱ्या होडीत बसण्यापेक्षा ओळखीचं डेक बरं, असंच कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. बोट सोडायची की राहायचं हा निर्णय अशा वेळी शहाणपणावर होत नाही, आणि मेलेल्यांच्या नावावर घाबरटपणा किंवा चूक लिहिणारे अहवाल वाचले की माझा संताप होतो.

दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' ही ब्रिटिश क्रूझर तिथे पोहोचली. 'कार्थेज' या दुसऱ्या जहाजाने उचललेले चार जण धरून ६७८ वाचले. २८० गेले. वाचलेल्यांना २७ नोव्हेंबरला मुंबईत आणून सोडलं, म्हणजे जिथून निघाले होते तिथेच, आठवड्याभराने.

या 'आय-२९' पाणबुडीचं नाव वाचताना काही जणांना ओळखीचं वाटलं असेल. 'तिलावा' बुडवल्यानंतर पाच महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ ला, मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात एका जर्मन पाणबुडीतून दोन माणसं रबरी होडीतून हिच्यावर आली. एक सुभाषचंद्र बोस, दुसरे त्यांचे सहकारी आबिद हसन. त्यांना घेऊन आलेल्या जर्मन 'यू-१८०' ने वाटेत, १८ एप्रिलला, 'कॉर्बिस' नावाचा ब्रिटिश तेलवाहू टँकर बुडवला होता. नेताजी तेव्हा त्या पाणबुडीतच होते. 'कॉर्बिस'वरचे बहुतेक सगळे खलाशी मेले.

हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. नेताजींच्या त्या प्रवासाबद्दल लहानपणापासून ऐकत आलो, त्याचा अभिमान आजही आहे. आणि ज्या पाणबुडीने त्यांना पूर्वेला नेलं तिनेच २८० माणसं, त्यातली बहुतेक आपलीच, समुद्रात घातली होती. या दोन गोष्टींची वजाबाकी करून काही शिल्लक काढायचा प्रयत्न मी करत नाही. स्वातंत्र्यासाठी साम्राज्याशी लढणारे हिंदी आणि पोटासाठी त्याच साम्राज्याच्या बॉयलरपाशी उभे राहिलेले हिंदी एकाच समुद्रात होते, हे मात्र कुठल्याही शाळेच्या पुस्तकात मला भेटलं नाही, आणि ते असायला हवं होतं.

होडीत पोहोचला म्हणजे खलाशी वाचला, असंही नव्हतं. 'सिटी ऑफ बनारस'चं उदाहरण घ्या. लंडन आणि इतर शहरांवर बॉम्ब पडत होते, म्हणून ९० ब्रिटिश मुलांना कॅनडाला पाठवायचं ठरलं. १३ सप्टेंबर १९४० ला लिव्हरपूलहून हे जहाज निघालं. सोबतच्या लढाऊ जहाजांनी ठरल्याप्रमाणे त्याला १७ तारखेच्या पहाटे सोडलं आणि त्याच रात्री 'यू-४८' ने त्याला गाठलं. ९० पैकी ७७ मुलं गेली. ब्रिटनमध्ये आजही ही घटना त्या मुलांसाठी आठवली जाते, आणि आठवली जायलाच हवी. पण जहाजाचे खलाशीही १२० हून जास्त गेले, आणि त्यातले बहुसंख्य हिंदी लष्कर होते. लष्कर म्हणजे जहाजावरचे हिंदी खलाशी, त्या काळी ब्रिटिशांनी त्यांना दिलेलं नाव.

उत्तर अटलांटिक, सप्टेंबरची रात्र, वादळी वारा, गारांचा पाऊस. होड्या खाली सोडतानाच काही उलटल्या, काही पाण्याने भरल्या. कंबरेइतक्या पाण्यात बसलेल्या माणसांच्या अंगावर सुती सदरा आणि पातळ विजार. होड्यांमध्ये रात्रीतून मरणाऱ्यांत मुलं होती आणि मुलांसारखेच हे खलाशी होते. ज्या माणसाला उबदार कपडा दिलेला नाही त्याचं शरीर तशा थंडीत काही तासांत हरतं. वाचलेल्या गोऱ्यांपैकी काहींनी हे लष्कर हातपाय गाळून बसले, होडी वल्हवायला उठले नाहीत अशी तक्रार केल्याचं वाचायला मिळतं. अंगातली ऊब उतरली की स्नायू आपलं ऐकत नाहीत, बोलणं अडखळतं, माणूस सुस्तावतो. कुठल्याही देशात जन्मलेला असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'हरिकेन' ही विनाशिका आली. तिने बाकीच्यांना उचललं, पण १२ नंबरची होडी राहिली. त्याच रात्री बुडालेल्या 'मरिना' या दुसऱ्या जहाजाची एक होडी सापडली होती, ती 'बनारस'चीच समजून मोजणी पुरी धरली गेली. १२ नंबरमध्ये ४६ जण होते. सहा मुलगे, त्यांना सांभाळणाऱ्या मेरी कॉर्निश, एक पाद्री, जहाजाचे एक-दोन अधिकारी, आणि बाकी बहुतेक सगळे हिंदी खलाशी. या होडीला वल्ह्यांऐवजी उभे दांडे होते. ते पुढेमागे ढकलले की खालचा पंखा फिरायचा. आठ दिवस ते ढकलले गेले. पाणी दिवसाला दोन-चार घोट, एखादं बिस्कीट, कधी सार्डिनचा तुकडा. मेरी कॉर्निश मुलांचे पाय चोळत होत्या आणि त्यांना हेरकथा रचून सांगत होत्या. आठव्या दिवशी सन्डरलँड विमानाला ती होडी दिसली आणि 'अँथनी' या विनाशिकेने त्यांना वर घेतलं. मुलांच्या मुलाखती झाल्या, कॉर्निशबाईंना पदक मिळालं. ते त्यांचं होतंच. त्या होडीतल्या तीसेक हिंदी माणसांना कुणी काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, हे शोधायला गेलं की फारच थोडं हाती येतं.

पगाराचं तर वेगळंच. १९४१ च्या मे महिन्यात नवा नियम येईपर्यंत ब्रिटिश व्यापारी खलाशाचा पगार जहाज बुडालं त्या दिवशी थांबायचा. जहाज नाही, म्हणजे नोकरी नाही. तराफ्यावर काढलेले दिवस त्याच्या स्वतःच्या हिशेबातले. आणि हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाई-पाचवाईच असायचा. १९३९ च्या शरद ऋतूत, लढाई नुकतीच सुरू झालेली असताना, या लष्करांनी ब्रिटनच्या आणि इतर देशांच्या बंदरांत संप केले. म्हणणं एवढंच होतं की मरायला नेताय तर मजुरी वाढवा. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं. मग मजुरी वाढवावी लागली. चिनी खलाशांनी १९४२ मध्ये लिव्हरपूलला तसाच लढा दिला. आणि पून लिमला पदक मिळाल्यानंतर दोन-तीन वर्षांत, लढाई संपताच, ब्रिटिश गृहखात्याने त्याच लिव्हरपूलमधून चिनी खलाशांना धरून-धरून बोटीत बसवलं आणि परत पाठवलं. कित्येकांच्या बायका इंग्रज होत्या, मुलं लहान होती. बाप कुठे गेला हे त्या मुलांना पन्नास-पन्नास वर्षं कळलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात साडेसहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. समुद्राशिवाय ज्यांना कबर नाही अशा ब्रिटिश व्यापारी खलाशांची नावं लंडनला टॉवर हिलच्या बागेत ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. हिंदी खलाशांची नावं एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत चितगावच्या युद्ध स्मशानभूमीत असते आणि एक मुंबईत, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. मशीद स्टेशनला रोज कितीतरी माणसं उतरतात. त्यातल्या किती जणांना या वहीची कल्पना असेल?

ही नावं आता युद्धस्मृती आयोगाच्या, म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, संकेतस्थळावर वाचता येतात. मी रात्री उशिरापर्यंत ती वाचत बसतो. नाव, हुद्दा, जहाज, तारीख. काही नोंदींत बापाचं नाव, बायकोचं नाव आणि जिल्हा रत्नागिरी. काहींत नुसतं एकच नाव आणि हुद्दा. वय नाही, गाव नाही. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं केलेलं. मोठ्याने वाचलं की खेड, दापोली, राजापूरच्या आसपासचं एखादं गाव ओळखू येतं. एकाच बोटीचे, एकाच तारखेचे, एकाच आडनावाचे दोन-तीन जण सलग दिसतात तेव्हा थांबायला होतं. सारंग आपल्याच गावातली, आपल्याच भावकीतली पोरं भरती करायचा. त्यामुळे एक बोट बुडाली की एका वाडीतल्या चार घरांत एकदमच बातमी जायची.

'तिलावा'ची चांदी मात्र सापडली. २०१७ मध्ये एका कंपनीने अडीच किलोमीटर खोल समुद्रातून तिच्या २३६४ विटा वर काढल्या. दक्षिण आफ्रिकेने नाणी पाडण्यासाठी घेतलेली ती चांदी कुणाची, काढणाऱ्याला मोबदला मिळायचा की नाही, यावर खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. एकेका विटेची नोंद शाबूत होती.

म्हणून एक विनंती. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या जुन्या चाळींत अजून अशी घरं आहेत जिथे आजोबा किंवा पणजोबा बोटीवर होते आणि लढाईत परत आले नाहीत एवढंच माहीत आहे. ट्रंकेत त्यांची जुनी सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका असेल, कंपनीचं पत्र असेल, भरपाईच्या मनीऑर्डरची पावती असेल. ती फेकू नका. त्यावर जहाजाचं नाव असतं, आणि नाव मिळालं की तारीख, जागा, बुडवणारी पाणबुडी, सोबत गेलेले सगळे, हे आता घरबसल्या शोधता येतं. आयोगाकडे कागद पाठवले तर चुकलेलं नाव दुरुस्त होतं, राहिलेल्या नावाची चौकशी होते. त्यांच्याच २०२१ च्या अहवालाने कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या लाखाहून अधिक, मुख्यतः आफ्रिकी, मृतांची नावं स्मारकांवर आलीच नाहीत, आणि त्यासाठी त्यांनी माफीही मागितली. समुद्रात गेलेल्यांच्या वह्याही तपासायला हव्यात. त्यासाठी लागणारे कागद लंडनमध्ये मिळाले नाहीत तर दाभोळ, जयगड, रत्नागिरीच्या माळ्यांवर मिळतील, आणि ते आधी वाळवीपासून वाचवायला लागतील.